काकूंनी मीठ का दिलं नाही

बेटा,

काल फोनवर तू विचारलंस, शेजारच्या काकूंनी तिन्हीसांजेला मीठ द्यायला नाही का म्हटलं? मदरशात तर सूरह माऊन, म्हणजे कुरआनातला तो अध्याय, शिकवलीय, किरकोळ वस्तूही न देणाऱ्यांबद्दलची. मग काकू तसल्या का? फोनवर उरकण्यासारखं हे नव्हतं, म्हणून मस्कतहून लिहितोय.

आपल्या निपाणीकडे दिवेलागणीला मीठ, दूध, विरजण घराबाहेर देत नाहीत. त्या वेळी लक्ष्मी घरात येते, तेव्हा घरातलं काही बाहेर जाऊ नये, असं काकू मानतात. आपण मानत नाही, पण त्यात कंजूषपणा शोधू नकोस. सकाळी जाऊन माग, वाटी भरून देतील.

आता सूरह. कुरआनातली ही १०७ वी, आयती, म्हणजे वचनं, फक्त ७. तिची सुरुवात किरकोळ वस्तूंपासून होत नाही. न्यायाच्या दिवसाला खोटं मानणारा कोण? अनाथाला धक्के मारून हाकलणारा, गरिबाला जेवू घाला असं कुणाला न सांगणारा. मग नमाज पढणाऱ्यांचा धिक्कार येतो. चौथ्या आयतीवर थांबून अर्थ लावू नकोस, तिथे तो अर्धाच राहतो. पुढे वाच: नमाजकडे दुर्लक्ष करणारे, लोकांनी बघावं म्हणून पढणारे. रोजच्या वस्तू नाकारणं अगदी शेवटी येतं. पैगंबरांचे सोबती हजरत इब्ने मसऊद यांनी त्यात भांडं, बादली, कुऱ्हाड असल्या वस्तू धरल्या. काही सहाबांनी, म्हणजे पैगंबरांच्या इतर सोबत्यांनी, त्याचा अर्थ जकात, म्हणजे सक्तीचं दान, असा घेतला.

मी शाळेत होतो तेव्हा तुझे आजोबा वारले. दादी तंबाखूच्या वखारीत कामाला जायची, संध्याकाळपर्यंत घराला कुलूप. मी शाळेतून आलो की काकू हाक मारायच्या, भाकरी-पिठलं पुढे ठेवायच्या आणि बजावायच्या, “आईला सांगू नको रे, तिला ओशाळल्यासारखं होईल.” दादीला ते कळलं माझं लग्न ठरलं तेव्हा. बाप गेलेल्या अनाथाला जेवू घालायचं आणि चार लोकांत त्याचा गवगवा करायचा नाही, हे मी त्यांच्या स्वयंपाकघरात पाहिलंय. तेव्हा या सूरहची फूटपट्टी काकूंना लावू नकोस. ती नमाज पढणाऱ्यांना तपासते, म्हणजे आधी आपल्याला.

मिठाचा डबा दुपारीच बघत जा. आणि काकूंकडून कुणी परात मागायला आलं, तर दादी झोपलेली असली तरी तू काढून दे. फडताळात खालच्या फळीवर आहे.

तुझा,
अब्बा