हंटिंग्टन, व्यायाम आणि चुकलेल्या दिवसाची धास्ती

“एक दिवस धावणं चुकलं की वाटतं, आजार तेवढा जवळ आला.” हंटिंग्टन म्हणजे हालचाली, विचार आणि स्वभाव हळूहळू बिघडवणारा मेंदूचा आनुवंशिक आजार. त्याची जनुकीय चाचणी पॉझिटिव्ह आलेल्या ३४ वर्षांच्या एका स्त्रीचं हे वाक्य. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) तिला अजून एकही लक्षण नाही, आई मात्र आजाराच्या मधल्या टप्प्यात आहे. अशा घरांतून हमखास येणारा प्रश्न तिनेही विचारला: व्यायामाने हे टळतं का?

टळत नाही. या आजाराला कारण असलेल्या एचटीटी जनुकात सीएजी या छोट्या तुकड्याची पुनरावृत्ती ४० किंवा जास्त असली, तर पुरेसं आयुष्य लाभलेल्या व्यक्तीला आजार होतोच असं धरतात. तिचा आकडा ४२, आणि धावून तो बदलत नाही. मग व्यायाम कशाला? १२ आठवडे, आठवड्यातून तीनदा, दम लागेल असा व्यायाम आणि जोडीला हातापायांचे ताकदीचे व्यायाम केल्यावर हंटिंग्टनच्या रुग्णांचा दमसास आणि हालचाली सुधारतात, याला चांगला पुरावा आहे. आनुवंशिक अल्झायमरच्या वाहकांमध्येही, म्हणजे त्याचं सदोष जनुक असलेल्यांमध्येही, आठवड्याला १५० मिनिटांहून जास्त हालचाल करणाऱ्यांची बुद्धीच्या चाचण्यांतली कामगिरी सरस दिसली. पण इथे एक मेख आहे. मेंदूतला बदल सुरू झाला की आधी उत्साह ओसरू शकतो, त्यामुळे माणूस कमी हलला म्हणून बिघडला, की बिघडू लागला म्हणून कमी हलला, हे अशा निरीक्षणांतून सुटत नाही. एक दिवस चुकल्याने आजार अलीकडे येतो, असं तर कुठल्याच अभ्यासातून निघत नाही.

तिचा खरा त्रास वेगळाच निघाला. गुडघा दुखत असतानाही रोज तास-दीड तास धावणं, मनगटी घड्याळात हृदयाचे ठोके मिनिटाला १७५. रात्री आरशासमोर डोळे मिटून एका पायावर उभं राहायचं, सेकंद मोजायचे, मग बोटं अंगठ्याला भराभर टेकवायची. सेकंद कमी भरले की झोप नाही, आणि झोप नाही म्हणून दुसऱ्या दिवशी ते आणखी कमी! थकवा, दुखरा गुडघा, भीती, कशानेही तोल जातो. घरच्या घरी घेतलेली ही परीक्षा आजाराबद्दल काहीही सांगत नाही.

ती परीक्षा आधी बंद केली. तपासणी वर्षातून एकदा, मेंदूविकारतज्ज्ञांकडे. धावणं आठवड्यातून तीन दिवस, ३० ते ४० मिनिटं, ठोके साधारण १२० ते १४०. म्हणजे बोलता येईल, पण गाता येणार नाही. दोन दिवस ताकदीचे व्यायाम, गुडघा शांत होईपर्यंत धावण्याऐवजी सायकल. ‘चुकलेला दिवस भरून काढायचा नाही’ हा नियम तिने वहीत लिहून घेतला. पाळायला सगळ्यात जड तोच गेला.

आईची गोष्ट निराळी. “आळशी झालीय, उठतच नाही,” ही घरच्यांची तक्रार. हा आळस नाही. काम सुरू करण्याची ऊर्मीच या आजारात मंदावते. “चालायला जायचं का?” विचारलं की उत्तर ठरलेलं: नको. म्हणून विचारायचं नाही. ठरल्या वेळी बूट समोर ठेवायचे आणि म्हणायचं, “आई, हा उजवा घाल.” एका वेळी एकच सूचना, आणि सोबत कुणीतरी हवंच. तोल जात असल्याने पाठीला टेकू असलेली स्थिर सायकल: १० मिनिटं, विश्रांती, पुन्हा १०. मग हात असलेल्या, भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून आठ-दहा वेळा उठणं-बसणं. चालताना आणि वळताना गप्पा नकोत, कारण लक्ष विभागलं की पाय अडखळतो. झोप आणणारं औषध असेल तर व्यायामाची वेळ डॉक्टरांना विचारून ठरवायची. वजन दर आठवड्याला पाहायचं. या आजारात ते आधीच घटतं, त्यामुळे व्यायाम वाढला की खाणंही वाढायला हवं, नाहीतर स्नायूच झिजतात. पडणं वाढलं किंवा गिळताना ठसका लागू लागला, तर फिजिओथेरपिस्ट आणि डॉक्टरांना लगेच कळवायचं.

शेवटच्या भेटीत तिने धाकट्या भावाचा विषय काढला. त्याला धोका ५० टक्के, चाचणी केलेली नाही. व्यायाम सुरू करण्याआधी त्याने ती करावी का? गरज नाही. निकाल काहीही आला तरी त्याचा व्यायाम तोच राहील. चाचणीचा निर्णय ज्याचा त्याने घ्यायचा असतो, म्हणून भेटीची वेळ त्याला स्वतःलाच घ्यायला सांगितली.