कुत्र्याने चॉकलेट खाल्लं तरी काहीच झालं नाही, मग ते विषारी असतं ही अफवा आहे का?

अफवा नाहीये हो. तुमचा कुत्रा वजनाने मोठा असेल आणि त्याने मिल्क चॉकलेटचा छोटा तुकडा खाल्ला असेल, म्हणून निभावलं. चॉकलेटमध्ये थिओब्रोमिन असतं, ते आपल्याला पचतं पण कुत्र्याच्या अंगातून निम्मं बाहेर पडायलाच १७-१८ तास लागतात. चॉकलेट जितकं कडू तितकं ते जास्त. वजनाच्या किलोमागे साधारण २० मिलिग्रॅम थिओब्रोमिनला उलट्या, धाप सुरू होते, ६० च्या पुढे झटके. ३ किलोच्या पिल्लाला डार्क चॉकलेटच्या दोन वड्याही त्रास द्यायला पुरतात.

पण खरं सांगू का, मला चॉकलेटपेक्षा शुगर-फ्री च्युइंगमची जास्त धास्ती आहे. आमच्या कुत्रीने माझ्या बॅगेतून गमची स्ट्रिप पळवली, मला सोफ्याखाली नुसती चावलेली चंदेरी स्ट्रिप मिळाली, मी म्हटलं गमच तर आहे, शीतून निघून जाईल, आणि पाऊण तासाने ती उठायला गेली तर मागचे पाय फाकत होते, अगदी दारू प्यायल्यासारखी! त्या गममध्ये झायलिटॉल असतं, साखरेऐवजी गोडीसाठी घालतात ते. त्याने कुत्र्यात भसाभस इन्सुलिन सुटतं आणि साखर एकदम खाली येते, कधीकधी पुढे लिव्हरही जातं. दोन दिवस ग्लुकोजच्या सलाइनवर होती, वाचली. आता पीनट बटरचंही लेबल वाचते, त्यावर झायलिटॉल, बर्च शुगर किंवा ई ९६७ असलं की ते तिला नाही.

द्राक्षं आणि मनुका अजिबात नको, एकाला मूठभर पचतात आणि दुसऱ्याची थोड्याशाने किडनी बंद पडते, आधी सांगता येत नाही. कांदा-लसणाचं तर तुमच्या कुत्र्यासारखंच होतं बघा, आधी काहीच झालं नाही असं वाटतं. शिजवलेला असो की पावडर, त्याने रक्तातल्या लाल पेशी फुटतात, पण हिरड्या पांढऱ्या पडायला बरेचदा तीन-चार दिवस जातात, तोवर काय खाल्लं होतं हे घरात कोणाच्या लक्षातही नसतं. काहीच झालं नाही असं दुसऱ्या दिवशीच ठरवू नका ते यासाठी.

आणि पुन्हा काही खाल्लं तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका, मीठच अंगावर येतं. लगेच डॉक्टरांना फोन करा, उलटी काढायची की नाही ते त्यांना ठरवू दे, पहिल्या एक-दोन तासांतच तिचा खरा उपयोग असतो. रॅपर फेकू नका. मी ती चावलेली स्ट्रिप खिशात टाकून नेली होती, तिच्यातली रिकामी घरं मोजून डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, हिचं वजन किती?