रिट्रॅक्ट : नख्या आत, शब्द मागे

'मांजराने नख्या मागे घेतल्या' असं एका भाषांतरात वाचलं आणि खटकलं. 'रिट्रॅक्ट'ला सगळीकडे 'मागे घेणे' चालतं का, असा प्रश्न आला आहे. खटकलं ते योग्यच. वस्तू नेमकी कुठे गेली, हे मराठी क्रियापदाला सांगावं लागतं. नख्या मागे जात नाहीत, आत जातात. मांजर नख्या आत घेतं, विमान चाकं पोटात घेतं, कासव मान आत ओढून घेतं. गोगलगाय शिंगं आखडून घेते. इंग्रजी या सगळ्यांना 'रिट्रॅक्ट'च म्हणतं.

(मांजराच्या बाबतीत हा शब्द जरा फसवाच आहे. नख्या आत असणं ही त्याची आरामाची स्थिती. लवचीक बंध त्या आत धरून ठेवतात. कष्ट पडतात ते बाहेर काढायला.)

मूळ लॅटिन 'ट्राहेरे', म्हणजे ओढणे. ट्रॅक्टर, अट्रॅक्ट, सबट्रॅक्ट ही त्याच घरातली मंडळी. विधान मागे घेण्याचा अर्थ मात्र 'रेट्राक्टारे' या शेजारच्या क्रियापदातून आला, आणि त्याचा अर्थ होता पुन्हा हाताळणे, फेरविचार करणे. ख्रिस्ती धर्मचिंतक संत ऑगस्टीनने इ.स. ४२७च्या सुमारास स्वतःच्या जुन्या ग्रंथांची उजळणी केली, तिला त्याने याच शब्दावरून नाव दिलं. त्यात काही मतं त्याने दुरुस्त केली, काहींची चक्क पाठराखण केली. म्हणजे त्या नावात नुसती माघार नव्हती.

वापरताना मी एक खूणगाठ बांधून ठेवली आहे : जे आपणच बाहेर काढलं, तेच रिट्रॅक्ट करता येतं. आपलं विधान, आपला आरोप, आपण दिलेला प्रस्ताव. दुसऱ्याचा आरोप आपण फेटाळतो. बँकेतून पैसे काढणं किंवा सैन्य माघारी बोलावणं हे 'विथड्रॉ'चं काम. तिथे 'रिट्रॅक्ट' घातलं तर वाक्य हास्यास्पद होतं. अर्ज किंवा तक्रार मागे घेण्यालाही 'विथड्रॉ'च शोभतं. प्रस्ताव किंवा आरोपाला दोन्ही चालतात.

शोधनिबंधांचं उदाहरण बोलकं आहे. गोवर-गालगुंड-रुबेला लसीचा संबंध ऑटिझमशी जोडणारा निबंध 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने १९९८ साली छापला आणि २०१० साली रिट्रॅक्ट केला. मुख्य लेखक आपल्या म्हणण्यावर ठाम होता, तरी ते होऊ शकलं, कारण निबंध प्रसिद्ध करणारं नियतकालिक होतं. असा निबंध गायबही होत नाही. रिट्रॅक्ट झाल्याचा शिक्का मिरवत तो वाचायला मिळत राहतो. म्हणून इथे 'काढून टाकला' लिहू नये, 'मागे घेतला' हेच बरोबर.

जबाबाचं भाषांतर करताना मात्र जपा. 'जबाब मागे घेतला' ही नुसती नोंद झाली. 'जबाब फिरवला' म्हटलं की माणूस उलटला, असा ठपका त्यात आलाच. 'घूमजाव' तर उघड टोमणा. 'रिट्रॅक्ट'मध्ये ठपका नाही, तेव्हा बातमीत 'मागे घेतला' लिहावं आणि 'फिरवला' अग्रलेखासाठी राखून ठेवावं. कर्म न देता नुसतं 'ही रिफ्यूज्ड टू रिट्रॅक्ट' आलं, तर 'तो आपल्या म्हणण्यावर ठाम राहिला' हे मला सर्वांत सरळ वाटतं.