मल्टिपल स्क्लेरोसिसचा थकवा आणि वेगळे शिजणारे ताट

‘काय खाल्ले म्हणजे हा थकवा जाईल?’ हा प्रश्न मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदू व मज्जारज्जूतील मज्जातंतूंचा आजार) असलेल्या बहुतेक व्यक्ती आहार समुपदेशनासाठी येताना घेऊनच येतात. बँकेत नोकरी करणाऱ्या, चाळिशीतल्या एका ताईंनीही (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत) तोच विचारला. त्या शाकाहारी होत्या आणि कुठेतरी वाचून त्यांनी गहू, ज्वारी, डाळी, दूध-दही असे सारेच बंद केले होते. वजन उतरले होते. स्वतःसाठी वेगळा स्वयंपाक त्या पहाटे उठून स्वतःच करत. “मॅडम, अकरा वाजताच अंगातलं सगळं त्राण संपतं,” असे त्या म्हणाल्या.

मज्जातंतूंवरील आवरणाला इजा झाल्याने साध्या हालचालीलाही अधिक शक्ती लागते, आणि हा थकवा केवळ आहाराने पुसला जात नाही. तरीही आहाराचा संबंध नाही, असे म्हणणे चुकीचे ठरेल. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन आहारांची तुलना झाली. स्वँक आहारात संपृक्त स्निग्धांश (तूप, लोणी, मलई यांत असतो तो) दिवसाला १५ ग्रॅमच्या आत ठेवतात, पण धान्ये चालतात; वॉल्स आहारात धान्ये, कडधान्ये, दूध वर्ज्य असून मांस-मासे असतात. थकवा दोन्ही गटांत कमी झाला. इतके भिन्न आहार उपयोगी पडत असतील, तर अमुक एक पदार्थ सोडण्यात गुण आहे असे मला वाटत नाही. भाजीपाला वाढणे आणि तयार, तळलेले पदार्थ घटणे हे दोन्हींत समान आहे. शिवाय ताईंनी वर्ज्य पदार्थांची यादी तेवढी उचलली होती. मांस-मासे त्या खात नव्हत्या, त्यामुळे ताटात प्रथिने जवळजवळ उरली नव्हती.

न्यूरॉलॉजिस्टच्या सल्ल्याने तपासण्या झाल्या, तेव्हा हिमोग्लोबिन आणि बी-१२ जीवनसत्त्व दोन्ही कमी निघाले. बी-१२ च्या कमतरतेनेही थकवा, मुंग्या, चालताना तोल जाणे असे त्रास होतात, म्हणून शाकाहारी रुग्णात ती तपासणी टाळू नये. औषध डॉक्टरांनी सुरू केले. दुसरी गोष्ट पाण्याची. लघवीची घाई होते म्हणून त्या कामावर जवळजवळ पाणीच पीत नसत, आणि त्यातून बद्धकोष्ठता व संध्याकाळची डोकेदुखी वाढत होती. पाणी दिवसभर थोडे थोडे विभागून घ्यायचे आणि घाईसाठी डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलायचे, असे ठरले.

भाकरी, मुगाची आमटी, दही परत आले. दुपारचे जेवण हलके करून चारच्या सुमारास फुटाणे किंवा शेंगदाणे ठेवले. सर्वांत मोठा बदल मात्र ताटात नव्हता. घरात एकच स्वयंपाक होऊ लागला, कणीक यजमान मळू लागले आणि ताई स्टुलावर बसून भाजी चिरू लागल्या. उष्णतेने या आजाराची लक्षणे तात्पुरती वाढतात, त्यामुळे गॅससमोरचा वेळ कमी होणे हाच मला मोठा लाभ वाटतो.

काही महिन्यांनी त्या आल्या तेव्हा थकवा होताच, परंतु जेवणाच्या सुट्टीत थोडी विश्रांती घेऊन दुपारचे काम त्या पूर्ण करत होत्या. चतुर्थीचा उपवास पुन्हा धरू का, असे त्यांनी विचारले. वजन पूर्ववत होईपर्यंत थांबावे, आणि पुढे धरलाच तर नुसत्या साबुदाण्यावर न राहता दही, शेंगदाणे आणि राजगिरा घ्यावा, असे आम्ही ठरवले.