घरची मराठी आणि शाळेतली इंग्रजी : पालक-शिक्षकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही सातारा जिल्ह्यातील एका खेड्यात राहतो. आमची मुलगी तिसरीपर्यंत गावातील मराठी शाळेत होती आणि बाईंनी प्रश्न विचारला की पहिला हात तिचाच वर होत असे. यंदा चौथीला आम्ही तिला तालुक्याच्या गावच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घातले. चार महिने झाले, ती वर्गात एक शब्दही बोलत नाही. पालकसभेत आम्हांला सांगण्यात आले, की घरी फक्त इंग्रजीच बोला. मी बारावी शिकले आहे, यजमान शेती करतात, सासूबाईंना मराठीखेरीज दुसरी भाषा येत नाही. शाळेत मराठी बोलताना मूल सापडले, तर दोन रुपये दंड घेतात. आमचा निर्णय चुकला का? – एक आई

उत्तर : तुमचे पत्र वाचून सर्वप्रथम सांगावेसे वाटते, की तुमच्या मुलीची बुद्धी कोठेही गेलेली नाही. अनोळखी भाषेच्या वर्गात अचानक जाऊन पडलेले मूल बहुधा आधी गप्प बसते. या काळात ते ऐकत असते, कोणता शब्द कशाबरोबर येतो हे पारखत असते आणि चुकल्यास हसे होईल या धास्तीने तोंड मिटून असते. काही मुलांचा हा मौनकाळ काही आठवड्यांत सरतो, काहींना कित्येक महिने लागतात. एक गोष्ट मात्र तुम्ही पाहून ठेवा. ती घरी, अंगणात, आजीजवळ पूर्वीसारखी मोकळी बोलते ना, खेळते ना, नीट झोपते ना? तसे असेल तर धीर धरा. ती मराठीतही अबोल होऊ लागली, शाळेचे नाव काढताच तिचे पोट दुखू लागले, तर ते केवळ भाषेचे दुखणे राहिलेले नाही असे समजून वर्गशिक्षिकांशी आणि डॉक्टरांशी वेळीच बोला.

आता मुख्य मुद्दा. परकी भाषा मुलाला दोन वेगवेगळ्या वेगांनी येते. मैदानावरची, डबा खातानाची, ‘मे आय गो आउट, मिस’ म्हणण्यापुरती भाषा वर्ष-दोन वर्षांत सहज जिभेवर बसते. परंतु पाठ्यपुस्तकातील परिच्छेद वाचून, समजून, त्याचे कारण स्वतःच्या शब्दांत लिहिण्याइतकी भाषा यायला साधारण पाच ते सात वर्षे लागतात. कॅनडातील जिम कमिन्स या अभ्यासकांनी 1980च्या सुमारास तेथील स्थलांतरितांच्या मुलांच्या अभ्यासातून हा फरक मांडला आणि तेव्हापासून द्विभाषिक मुलांच्या शिक्षणात तो पायाभूत मानला जातो. तुमच्या मुलीच्या बाबतीत याचा अर्थ असा, की पुढच्या वर्षी ती मैत्रिणींशी इंग्रजीत गप्पा मारताना दिसेल, सारे खूश होतील आणि नेमके त्याच वर्षी परिसर अभ्यासात गुण कमी पडले, की ‘इंग्रजी तर येते, मग अभ्यासच करत नाही’ असा ठपका तिच्यावर येईल. तो ठपका तुम्ही घरी तरी ठेवू नका.

घरी इंग्रजीच बोला, हा सल्ला चांगल्या हेतूने दिला गेला असेल, तरी तो चुकीचा आहे आणि तुमच्यासारख्या घरात तो मुलीचे नुकसान करील. तुम्हांला इंग्रजीची पंचवीस-तीस वाक्ये येत असतील, तर घरातील बोलणे त्या पंचवीस-तीस वाक्यांएवढेच उरेल. कम, सिट, ईट, स्लीप. उसाला पाणी केव्हा द्यायचे, आजीचे गुडघे पावसाळ्यातच का दुखतात, शेजारच्या म्हशीला काय झाले, या बोलण्यातून मूल कारण जोडायला, अंदाज बांधायला, शंका काढायला शिकते आणि हेच पुढे इंग्रजीतून विज्ञान शिकताना उपयोगी पडते. अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांतील पाण्याचे काय होते, हे जिला मराठीत कळले आहे, तिला इंग्रजी वर्गात ‘इव्हॅपोरेशन’ हा एक शब्दच शिकायचा असतो. जिला ते मराठीत कळलेले नाही, तिला शब्द आणि कल्पना दोन्ही एकदम परक्या भाषेत शिकाव्या लागतात, आणि मग पाठांतराशिवाय गत्यंतर उरत नाही.

तेव्हा करायचे काय, तर पुढचा धडा मुलीने आधी मराठीत वाचून जावा. तिची शाळा राज्य मंडळाचा अभ्यासक्रम चालवत असेल, तर हे फार सोपे आहे. कारण बालभारती गणित आणि परिसर अभ्यासाची तीच पुस्तके मराठीतही काढते आणि इंग्रजीतही, धडे त्याच क्रमाने येतात आणि बालभारतीच्या संकेतस्थळावरून ती विनामूल्य उतरवून घेता येतात. चौथीच्या परिसर अभ्यासात शिवछत्रपतींचा इतिहास असतो. अफजलखानाची भेट, पन्हाळ्याचा वेढा, आग्र्याहून सुटका हे प्रसंग तुमच्या मुलीने आजीकडून नक्कीच ऐकलेले असतील. तोच धडा आदल्या रात्री मराठीत वाचून ती वर्गात गेली, तर इंग्रजी पानावर ‘सीज’ हा शब्द दिसताच हा वेढाच असणार, हे तिला शब्दकोशाविना ताडता येईल. मी असे एक मूल जवळून पाहिले आहे. त्याने प्रतापगडाच्या इंग्रजी धड्यात पेन्सिलीने प्रत्येक ओळीवर बारीक अक्षरांत मराठी शब्द लिहून ठेवले होते आणि पुस्तक घाण केले म्हणून त्याला बोलणी खावी लागली होती. माझ्या मते ते पान वर्गाला दाखवण्याजोगे होते.

याशिवाय रोज पंधरा मिनिटे इंग्रजी गोष्ट वाचावी, अधिक नको. ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशन संस्थेने 2015मध्ये सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर एकच चित्रगोष्ट मराठीत आणि इंग्रजीत फुकट मिळते. आधी मराठी वाचावी, मग इंग्रजी. तुमचा उच्चार कसा आहे, याची लाज मुळीच बाळगू नका. तुम्ही शेजारी बसून बोट ठेवून ऐकलेत, तरी पुरे.

दंडाविषयी स्पष्ट लिहितो. शिक्षणहक्क कायदा, 2009च्या कलम 17नुसार मुलाला शारीरिक शिक्षा करण्यास आणि त्याचा मानसिक छळ करण्यास मनाई आहे, आणि कलम 29 सांगते, की शिक्षणाचे माध्यम शक्य तोवर मुलाची मातृभाषा असावे व मूल भीतीपासून मुक्त असावे. स्वतःच्या आईची भाषा बोलल्याबद्दल नऊ वर्षांच्या मुलीकडून दोन रुपये घेणे या भावनेत कोठेही बसत नाही. चार-पाच पालक मिळून मुख्याध्यापकांना भेटा, आवाज न चढवता बोला आणि दंडाऐवजी एक मागणी ठेवा : न कळलेला प्रश्न मुलाला मराठीत विचारता यावा. निर्णय चुकला का, असे तुम्ही विचारता. चौथीपर्यंत ती मराठीतच शिकली असती, तर पाया अधिक भक्कम झाला असता, असे मला मनापासून वाटते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, 2020 देखील शक्य असेल तेथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिक्षणाचा आग्रह धरते. परंतु तीन वर्षांचा मराठीचा पाया तुम्ही तिला दिलेला आहे. तो मोडू दिला नाही, तर तिचे अडणार नाही.

प्रश्न : मी नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव भागात द्विशिक्षकी शाळेत शिक्षक आहे. मुलांची घरची भाषा पावरी. मराठी त्यांना शाळेत आल्यावर कळू लागते आणि पहिलीपासून इंग्रजीही आहे. ए टू झेड गिरवून होते, पण ‘व्हॉट इज युअर नेम’च्या पुढे गाडी जात नाही. – एक शिक्षक

उत्तर : महाराष्ट्रात मराठी शाळांतून पहिलीपासून इंग्रजी 2000 साली सुरू झाले, तेव्हा ते ऐकण्या-बोलण्यातून शिकवावे, हीच अपेक्षा होती. प्रत्यक्षात पुष्कळ शाळांत ते फळ्यावरच्या अक्षरांपासून सुरू होते आणि तेथेच अडते. आपल्या देवनागरीत ‘क’ या अक्षराचे नाव आणि त्याचा आवाज एकच. इंग्रजीत तसे नाही. सी, ए, टी ही तीन नावे एकापुढे एक कितीही वेळा म्हटली, तरी त्यांतून ‘कॅट’ निघत नाही. आणि ‘डब्ल्यू’ या नावात तर ‘व’चा मागमूसही नाही. तेव्हा पहिले सहा महिने अक्षरे बाजूला ठेवा. स्टँड अप, टच द डोअर, ब्रिंग द स्टोन, जंप टू द ट्री अशा आज्ञा तुम्ही द्यायच्या आणि मुलांनी केवळ कृती करायची, बोलायचे नाही. पंधरा दिवसांनी एखादे मूल आपण होऊन तुमच्या जागी उभे राहून आज्ञा देऊ लागेल. अक्षरे येतील तेव्हा नावाआधी आवाज शिकवा.

वर्गाच्या भिंतीवर तीन रकाने आखा : पावरी, मराठी, इंग्रजी. पहिला रकाना मुलांनी भरायचा आणि तुम्ही तो त्यांच्याकडून शिकायचा. शिक्षक आपल्या भाषेतील शब्द अडखळत म्हणतो आहे, हे पाहिलेल्या मुलाला स्वतःच्या अडखळण्याची भीती उरत नाही. तिसऱ्या रकान्यासाठी माल तर दाराशीच आहे. बस, सायकल, मोबाईल, चार्जर, बॅटरी, डॉक्टर, बॉटल हे शब्द तुमच्या मुलांच्या कानांवरून रोज जातात. तेव्हा ‘ॲपल’पासून प्रारंभ करण्याचे काही कारण नाही.

चुकांकडे जरा थांबून पाहा, कारण बहुतेक चुका अडाणीपणाच्या नसतात. ‘सीता मँगो ईट्स’ म्हणणारा मुलगा ‘सीता आंबा खाते’ याच क्रमाने विचार करतो आहे. ‘टेबल ऑन’ म्हणणारी मुलगी ‘टेबलावर’ म्हणते आहे. खुर्चीला ‘शी’ म्हणणाऱ्याला मराठीत खुर्ची ‘ती’ असते, हे पक्के कळलेले आहे. ‘चूक’ म्हणून तांबडी रेघ ओढण्याऐवजी ‘हो, सीता ईट्स अ मँगो’ असे बरोबर वाक्य सहज त्याच्या कानावर घाला आणि पुढे चला.

सर्वांत फसवे प्रकरण आकड्यांचे आहे. मी वर्गावर असताना एक मुलगा ‘सिक्स्टी थ्री’ ऐकून न चुकता 36 लिहीत असे. त्याला गणित येत नाही, असा शेरा वहीत पडला होता. एके दिवशी त्याला शेजारी बसवून ‘त्रेसष्ट’ लिहायला सांगितले, तर त्याने 63 बिनचूक लिहिले. मराठीत ‘त्रे’ आधी ऐकू येते आणि ‘सष्ट’ मागून, म्हणून लिहिताना उलटे करायचे, ही युक्ती तो मोठ्या कष्टाने शिकला होता, आणि इंग्रजी आकडाही तो इमाने इतबारे उलटा करत होता. इंग्रजीत दशक आधीच येतो, एवढे त्याला काड्यांचे गठ्ठे मांडून दाखवल्यावर आठवड्याभरात प्रश्न मिटला. सेमी-इंग्रजीच्या वर्गांत असे ‘कच्चे’ ठरलेले किती असतील, या विचाराने मला आजही अस्वस्थ व्हायला होते. 2019मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात ‘एकवीस’ऐवजी ‘वीस एक’ अशी संख्यानामे आणली तेव्हा मोठा गदारोळ झाला. नव्या नावांविषयी मतभेद असू शकतात, परंतु त्यामागची मुलांची अडचण मात्र खरी होती.

प्रश्न : माझा मुलगा सहकुटुंब अमेरिकेत न्यू जर्सीला गेला आहे. सहा वर्षांच्या नातवाच्या प्रवेशाच्या वेळी ‘घरात कोणती भाषा बोलता’ असा तक्ता भरायचा आहे. मराठी लिहिले, तर मुलाला वेगळे बसवतील, म्हणून इंग्रजी लिहावे, असे तेथील परिचित सांगतात. – एक आजोबा, पुणे

उत्तर : खरे तेच लिहावे : मराठी. सॅन फ्रान्सिस्कोतील चिनी भाषक मुलांच्या वतीने लढलेल्या लाऊ विरुद्ध निकल्स या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1974मध्ये निकाल दिला, की इंग्रजी न येणाऱ्या मुलाला इतरांसारखेच पुस्तक आणि बाक देऊन शाळेची जबाबदारी संपत नाही, त्याला भाषेसाठी साहाय्य द्यायला हवे. तुम्ही म्हणता तो तक्ता म्हणजे या साहाय्याचे दार आहे. मराठी लिहिल्यास नातवाची ऐकणे, बोलणे, वाचणे आणि लिहिणे यांची चाचणी होईल. तो उत्तम इंग्रजी जाणत असेल, तर नेहमीच्याच वर्गात राहील, आणि गरज असेल, तर त्याला खास शिक्षकांची मदत मिळेल. ती मदत कशी दिली जाणार, हे पालकांना त्यांना समजेल अशा भाषेत सांगणे शाळेवर बंधनकारक आहे आणि वेगळा वर्ग नको असल्यास पालकांना तो नाकारताही येतो. इंग्रजी लिहून मोकळे झाल्यास मात्र सहा महिन्यांनी मूल मागे पडलेले दिसेल आणि कोणाला कारण उमगणार नाही.

तुमचा वाटाही यात मोठा आहे. तिकडे शनिवारची रात्र असते, तेव्हा आपल्याकडे रविवारची सकाळ झालेली असते. त्या वेळेला नातवाला फोनवर घ्या आणि आठवड्यात शाळेत काय शिकवले, ते तुम्हांला मराठीत समजावून सांगायला लावा. मध्ये इंग्रजी शब्द आले, तर येऊ द्या, त्याला टोकू नका. ‘म्हणजे काय रे?’ असे मात्र जरूर विचारा.