बटण दाबून पोरं पळतात, मग उपयोग काय?

प्रश्न : आठवीच्या मुलांना सहलीला वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात नेलं होतं. एक बटण दाबलं की पुढच्याकडे धाव! परत आल्यावर 'ऊर्जा वाचवा' असा निबंध दिला, तर सगळ्यांनी पुस्तकातलीच वाक्यं उतरवली. शाळेत ऊर्जेचा एक कोपरा करायचाय, पैसे बेताचेच आहेत. काय मांडू?
– एक शिक्षिका, नाशिकरोड

उत्तर : बाई, पोरं धावली म्हणून वाईट वाटून घेऊ नका. विज्ञान केंद्रांच्या मांडण्या करण्यातच माझी नोकरी गेली. बटण दाबायला कष्ट पडत नाहीत म्हणून पोरं पळतात. जिथे दंडाला रग लागते तिथे थांबतात.

तुमच्या कोपऱ्यात घोषणांचा एकही तक्ता नको. 'वीज वाचवा' त्यांना तोंडपाठ आहे. किती वीज आणि ती कशातून आली, हे ठाऊक नसतं.

इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून 12 व्होल्टची, मिनिटाला शंभरेक फेरे घेणारी गिअरची मोटर आणा. (दोन आणा, जोर लावून पोरं दाते मोडतात.) हँडल बसवून हाताने फिरवली की तिचंच जनित्र होतं. तारा मोकळ्या असताना हँडल सहज फिरतं. एलईडीची छोटी पट्टी जोडा, सुरेख उजळते. मग मोटारसायकलच्या इंडिकेटरचा जुना बल्ब जोडा. हात एकदम जड, आणि तरी बल्ब धड लागत नाही! तारेतून प्रवाह वाहू लागला की तो फिरण्याला विरोध करतो. हे फळ्यावर लिहाल तेव्हा दंडाला आधीच कळलेलं असेल.

शेजारी तराजूत 350 ग्रॅम कोळसा ठेवा. आंघोळीच्या पाण्याचा 1500 वॅटचा रॉड वीस मिनिटं चालला की अर्धं युनिट जळतं. औष्णिक केंद्रात त्याला साधारण एवढा कोळसा लागतो. सायकल मारून मूल सलग 50 वॅट देईल असं धरलं, तर तेवढ्या विजेला दहा तास पायडल मारावं लागेल. एकलहऱ्याच्या औष्णिक वीजकेंद्राच्या चिमण्या तुमच्या पोरांना रोज दिसतात. तिथले 210 मेगावॉटचे तीन संच कोळशाचेच. मात्र घरातली वीज तिथलीच असते असं सांगू नका, ती सगळ्या जाळ्यात मिसळते. आणि जळताना कोळशातल्या कार्बनला हवेतला ऑक्सिजन जोडला जातो, म्हणून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड वजनाला कोळशाहून जास्त भरतो. यावर पोरांचा विश्वास बसत नाही. हिशोब करायला लावा.

वीज लांबून येते, हे दाखवण्याची हौस जुनीच आहे. 1882 च्या म्युनिकच्या प्रदर्शनात ऑस्कर फॉन मिलर या जर्मन अभियंत्याने 57 किलोमीटरवरच्या मीसबाखहून तारेने वीज आणून कृत्रिम धबधबा चालवून दाखवला होता. पुढे 1903 मध्ये म्युनिकचं डॉइचेस म्युझियम हे विज्ञान-तंत्रज्ञानाचं संग्रहालय स्थापन करण्यात तोच पुढे होता.

निबंध सोडा. नाव झाकून घरचं वीजबिल आणायला सांगा आणि युनिटांचा कोळसा काढू द्या. 100 युनिटांना सत्तरेक किलो पडेल. कुणाच्या घरी किती पोती, यावरून वर्गात भांडण जुंपलं तर जुंपू द्या.