वाचकांचे प्रश्न : नेपच्यूनपलीकडच्या वस्तू आणि ताऱ्यांची पिधाने

प्रश्न : आमच्याकडे ८ इंची दुर्बीण आणि सीमॉस कॅमेरा आहे. नेपच्यूनपलीकडची वस्तू एखाद्या ताऱ्यासमोरून जाते, ते पिधान यातून टिपता येईल का? आमच्या नोंदी कामाच्या ठरतील का?

उत्तर : येईल, आणि ठरतीलही. वस्तू दिसायची गरज नाही, तारा दिसला की झाले. ०.२ ते ०.३ सेकंदाच्या एक्स्पोजरला साधारण १२व्या प्रतीपर्यंतचे (प्रत म्हणजे तेजाचे माप; आकडा मोठा तितका तारा मंद) तारे निवडा. बिनिंग (शेजारचे पिक्सेल एकत्र मोजणे) २×२, गॅमा बंद, ऑटो-गेन बंद. फाइल एसईआर किंवा फिट्स. कॉम्प्रेस केलेला व्हिडिओ मोजमापाला निरुपयोगी. चौकटीत शेजारचा एक तारा तुलनेला हवाच, कारण विरळ ढगही तारा मंदावतो. तेव्हा दोन्ही तारे मंदावतात, पिधानात एकच.

खरी अडचण वेळेची. ४० खगोलीय एककांवरच्या (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर) वस्तूची ताऱ्याच्या उजेडातली सावली प्रतियुतीच्या, म्हणजे वस्तू सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला असण्याच्या, सुमारास आपल्यावरून सेकंदाला सुमारे २५ किमी वेगाने सरकते. ५०० किमीची वस्तू ताऱ्याला फार तर २० सेकंद झाकेल, आणि घड्याळ सेकंदभर चुकले तर मोजमाप २५ किमीने सरकेल. म्हणून पैसे असतील तर मोठ्या आरशाआधी जीपीएसवाला कॅमेरा घ्या.

तो नसेल तर फ्रेमवर वेळेचा शिक्का लॅपटॉप मारतो, तोही फ्रेम केबलमधून उतरल्यावर. हा उशीर मोजता येतो. जीपीएस मॉड्यूलच्या दर सेकंदाच्या स्पंदावर पेटणारा एलईडी दुर्बिणीच्या तोंडाशी धरा आणि तो पेटलेल्या फ्रेमवरची वेळ पाहा. पूर्ण सेकंदाच्या पुढे जो फरक दिसेल, तो तुमचा उशीर. रोलिंग शटर ओळीओळीने उघडते, तेव्हा तारा ज्या ओळींत आहे तिथलाच उजेड बघा. लॅपटॉपचे घड्याळ इंटरनेटवरून जुळवलेले ठेवा, नाहीतर ही सगळी मेहनत वाया.

आणखी एक खाच. जीपीएसची वेळ सध्या यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या, १८ सेकंद पुढे आहे. ही दुरुस्ती उपग्रहाच्या संदेशातून येते आणि पूर्ण संदेश यायला साडेबारा मिनिटे लागतात. नुकत्याच चालू केलेल्या रिसीव्हरची वेळ त्यामुळे काही सेकंदांनी फसवू शकते. वीस मिनिटे आधी तो उघड्या आकाशाखाली चालू करून ठेवा.

प्रश्न : भाकितातला सावलीचा पट्टा आमच्या गावापासून ८० किमीवरून जातो. तरी बसावे का?

उत्तर : जरूर बसा. गाया उपग्रहाच्या सूचीमुळे ताऱ्याची जागा आता पक्की असते, वस्तूची कक्षा मात्र तितकी नसते. विकलेच्या (अंशाच्या ३,६००व्या भागाच्या) हजाराव्या भागाची चूक ४० एककांवर २९ किमी होते, आणि कक्षेतली चूक याच्या अनेक पट असू शकते. शिवाय ‘तारा झाकला गेला नाही’ ही नोंदही वस्तूच्या आकाराला मर्यादा घालते. १७ जुलै २०१७ला अर्जेंटिनाच्या पातागोनियात अ‍ॅरोकॉथ या नेपच्यूनपलीकडच्या वस्तूसाठी २४ दुर्बिणी मांडल्या होत्या. भन्नाट वाऱ्याला आडोसा म्हणून ट्रक उभे केले होते. सावली पाचांनाच मिळाली. तेवढ्यावरून वस्तू दोन गोळ्यांची असावी असा अंदाज आला आणि १ जानेवारी २०१९ला न्यू होरायझन्स यानाने तो खरा ठरवला.

रेकॉर्डिंग दहा मिनिटे आधी सुरू करा, दहा मिनिटे नंतर थांबवा. हौमिया या बटुग्रहाचे कडे केंद्रापासून सुमारे २,३०० किमीवर आहे, म्हणजे ते ताऱ्याला मुख्य पिधानाच्या दीड मिनिट अलीकडे-पलीकडे झाकते. एकाच फ्रेममधली घट गोंगाट समजून पुसू नका. १० मार्च १९७७ला युरेनसच्या पिधानात तमिळनाडूतल्या कावलूर वेधशाळेत ताऱ्याचा प्रकाश क्षणभर घटला. आधी तो युरेनसचा एखादा चंद्र वाटला. ते युरेनसचे कडे होते.

प्रश्न : तारा एकदम विझतो की हळूहळू?

उत्तर : वातावरण नसेल तर एकदम. विवर्तनाने, म्हणजे कडेपाशी प्रकाश पसरल्याने, सावलीची कडा किलोमीटर-दीड किलोमीटर पुसट होते, पण ०.२ सेकंदाच्या फ्रेममध्ये ते कळत नाही. प्लूटो मात्र ताऱ्याला हळूहळू मंदावतो, कारण त्याचे वातावरण प्रकाश वाकवते. ६ जून २०२०च्या पिधानात नैनितालजवळच्या देवस्थळच्या ३.६ मीटर दुर्बिणीने टिपलेल्या ताऱ्याच्या प्रकाशाच्या आलेखावरून प्लूटोच्या पृष्ठभागावरचा दाब सुमारे १२ मायक्रोबार (बारचा दशलक्षांश म्हणजे एक मायक्रोबार) निघाला. महाराष्ट्रातून प्लूटोचा नाद तूर्त सोडा, त्याची प्रतियुती ऐन पावसाळ्यात, जुलैअखेर येते. नोव्हेंबर ते मार्चमध्ये प्रतियुतीला येणाऱ्या वस्तूंची यादी करा.